शेंड्याचे देणे

थोरल्यांना लोक 'रोपवाले' म्हणत. त्यांचे चिरंजीव 'कलमवाले'. ते माझे सासरे. कलमवाल्यांचे चिरंजीव 'कोरके'. ते माझे यजमान. आणि कोरक्यांचा मुलगा 'खार', ज्याची ही हकीकत आहे. खरी नावे चौघांनाही होती. पण आमच्या घराण्यात माणूस हातातल्या कामावरून ओळखला जातो, आणि ती रीत मला योग्य वाटते.

थोरल्यांनी रोपवाटिका उभी केली. सासऱ्यांनी तिला नाव मिळवून दिले. यजमानांनी ती सांभाळली खरी, परंतु त्यांचा जीव मागच्या खोलीत असे, मऊ लाकूड आणि पटाशी यांच्यात. माझा मुलगा जंगल खात्यासाठी उंच झाडांवर चढतो. सुईच्या पानांच्या झाडांना बियांची बोंडे धरतात ती शेंड्याजवळ. ती पिकून फुटण्याच्या आत उतरवावी लागतात, नाहीतर बी खारींच्या पोटात जाते. हा खारींच्याही आधी वर पोहोचतो, म्हणून खार.

चौघांत आणखी एक गोष्ट सारखी होती, आणि तिचा आम्ही उच्चार करीत नसू. आमच्या घरचे पुरुष पन्नाशीच्या आत डावीकडे झुकतात. आधी खांदा उतरतो, मग मान, मग कंबर. ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले की डावी बाजू म्हणजे शेजारच्या भिंतीची बाजू. थोरल्यांचे एकच छायाचित्र आहे. त्यात ते भिंतीपलीकडे कोणी हलक्या आवाजात बोलत असावे आणि ते ऐकायला कलले असावेत, असे दिसतात. सासरे तसेच गेले. यजमानही तसेच गेले. शेवटी त्यांना उशी देताना एका बाजूला दोन द्याव्या लागत.

खारीचा खांदा उतरलेला मला प्रथम दिसला तो सदऱ्यामुळे. सून इस्त्री करून सदरा देई, तो अंगात घालताच डावी बाही मनगटाखाली येई. तिला वाटले शिंपी चुकला. तिने दुसरा शिंपी धरला. तोही चुकला तेव्हा ती माझ्याकडे आली आणि दोन्ही सदरे माझ्या मांडीवर ठेवून गेली. डॉक्टरांनी पाठीचा कणा पाहिला आणि हे घराण्यात असते असे सांगितले. घराण्यात आहे हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पुढे जे सांगितले ते मात्र मोठे होते: बाक असाच वाढत गेला तर वर्षभरात चढणे बंद. ज्याला जमिनीवर चालताना कंटाळा येतो त्या माणसाला हे सांगणे म्हणजे पाय काढून घेण्यासारखेच.

आता त्या झाडाविषयी सांगते.

आमच्या अंगणात सुईच्या पानांचे एक झाड आहे. त्याला आम्ही 'उभे' म्हणतो. ते देवदाराच्या जातीचे आहे आणि इतके सरळ, की ओळंबा लावावा तर ओळंब्याचीच चूक निघावी. रस्त्याच्या वळणावरून आधी ते दिसते, मग आमचे कौलारू छप्पर. लोक पत्ता सांगताना 'उंच झाडाचं घर' एवढेच सांगतात. थोरल्यांचा दंडक असा होता की त्या झाडाची काडी कोणालाही द्यायची नाही, विकत तर नाहीच. तो दंडक आम्ही पाळला.

भिंतीपलीकडच्या आवारात त्याच जातीचे दुसरे झाड आहे. ते 'आडवे'. ते जमिनीतून वर येते, गुडघ्याइतके झाल्यावर वळते आणि मग सापासारखे भुईलगत सरपटत जाते. त्याला खोड आहे, साल आहे, सुया आहेत, पण शेंडा ना बुडखा अशी त्याची गत. आणि ते वाटेल तिकडे जात नाही. ते आमच्या दिशेने येते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती दिला आणि मला भिंतीपाशी नेले. भर दुपार होती. पुरुष झोपले होते. आडव्याचे टोक तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी पोहोचले होते आणि तिथे भिंतीचा गिलावा खरवडला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "किल्ल्या घेतल्यास, आता हेही घे. हे पुरुषांना विचारायचं नाही. त्यांना अर्धंच ठाऊक असतं." त्यांच्या सासूने त्यांना सांगितले होते, त्यांनी मला सांगितले.

पलीकडे पूर्वी एक वनरक्षक राहत असे. त्याने दूरच्या डोंगरातून एक रोप ओल्या शेवाळात गुंडाळून, डोक्यावरच्या टोपीत घालून आणले आणि दारात लावले. पुढल्याच वर्षी जंगलात तोडलेले झाड अंगावर पडून तो गेला. मागे राहिली तरुण बायको, कडेवरची मुलगी आणि ते रोप. रोप सरळ वाढले. चांगले छपराच्या वर गेले. थोरले तेव्हा नवी रोपवाटिका मांडत होते. त्यांनी तिच्याकडे एक काडी मागितली. ती म्हणाली, न्या की, काडीने झाडाचं काय जातं. शिडी तिनेच धरली.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. ती बागवानीतले गुपित नाही. आमच्या धंद्यातला तो पहिला धडा आहे. या जातीच्या झाडाची बाजूची फांदी तोडून रुजवली तर ती रुजते, जगते, परंतु जन्मभर फांदीच राहते. आपण झाड झालो आहोत हे तिला कधी कळत नाही. फांदी जशी बाजूला वाढते तशी ती बाजूला वाढत राहते. सरळ झाड हवे असेल तर शेंडाच घ्यावा लागतो, आणि शेंडा घेतला की ज्याचा घेतला त्या झाडाचे डोके जाते.

थोरल्यांना हे ठाऊक होते. शिडी धरणारीला नव्हते.

त्यांनी शेंडा घेतला. दिवस पावसाळी होते, आणि घाईत त्यांनी जखमेवर मेणही लावले नाही. पाणी आत शिरले. झाड वरून काळे पडत खाली आले आणि काही वर्षांत उभ्या उभ्या वाळून गेले. तोवर आमच्या अंगणातले कंबरेच्या वर आले होते. ती दारात आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे आहे ते त्याचंच ना? मग मला एक काडी द्या."

थोरल्यांनी दिली. स्वतः रुजवून, नव्या कुंडीत घालून, तिच्या अंगणात नेऊन, जुन्या झाडाच्या जागी स्वतःच्या हाताने लावून दिली. पण ती बाजूची फांदी होती. आपल्या झाडाचा शेंडा तोडायला त्यांचा हात धजला नाही.

ती बाई पुढे कितीतरी वर्षे जगली. रोज सकाळी ती त्या झाडाला टेकू देई, काठीला बांधी, आणि म्हणे, "ऊठ बाई, सकाळ झाली." दोरी सोडली की ते पुन्हा भुईला टेके. सासूबाईंनी तिला पाहिले होते. शेवटी शेवटी ती स्वतःच काठीला टेकून उभी असे. त्याच काळात थोरल्यांचा खांदा उतरला.

एवढे सांगून सासूबाईंनी मला घरात आणले आणि भांडी लावायला सांगितले. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आडव्याचे टोक भिंतीवर चढू लागले की पुरुष ते छाटत, दरवर्षी, आणि छाटलेले चुलीत घालत. राळेचा वास दोन दिवस कपड्यांना येत असे. मी तो वास घेत या घरात म्हातारी झाले.

यजमानांना सासूबाईंनी काही सांगितले नव्हते, आणि मीही सांगितले नाही. एका वादळात आडव्याची एक जाड फांदी मोडून आमच्या बाजूला पडली. चुलीत घालण्याऐवजी त्यांनी ती मागच्या खोलीत नेली. ते म्हणत, मऊ लाकडाला धार कठीण लाकडापेक्षा जास्त लागते. कठीण लाकूड बोथट पटाशी परत पाठवते. मऊ लाकूड तिला आत घेते आणि आतल्या आत चिरडते. त्यांनी दोन महिने दार लावून काम केले. मला बोलावले तेव्हा समोर हातभर उंचीची एक स्त्री उभी होती. पदर खोचलेला, चेहरा वर केलेला, आणि दोन्ही हात पुढे करून तिने काहीतरी धरले होते. हातात काही नव्हते.

"काय धरलंय हिनं?" मी विचारले.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "लाकडातच तशी होती."

मला ठाऊक होते. मी चहा टाकायला निघून गेले.

ती बाहुली फडताळावर ठेवली तेव्हा तिचा चेहरा खोलीकडे होता. दुसऱ्या वर्षी तो खिडकीकडे होता. फडताळ हलले असेल म्हणून यजमानांनी ती फिरवून ठेवली. ती पुन्हा वळली, आणि या वेळी पायथा जागच्या जागी होता. मान आणि खांदा यांनीच पीळ घेतला होता. त्यांनी मला कारण सांगितले. झुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला भार पेलणारे तांबूस, जड लाकूड तयार होते. ते सुकताना ओढ घेते आणि कोरलेले काम फिरवते. कसबी माणूस तसले लाकूड घेत नाही. कारण कळले की भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही. कारणाने ती कशी वळते हे कळले. ती उभ्याकडेच का पाहते, हे कळले नाही.

यजमान गेल्यावर छाटणी खारीकडे आली. परंतु ज्या वर्षी त्याचा खांदा उतरला त्या वर्षी आडव्यावर त्याच्याने कोयता उचलवेना, आणि दुसऱ्या कोणाचा हात मी त्या टोकाला लावू दिला नाही. एका वर्षात आडव्याने भिंत ओलांडली. वाऱ्याचा मागमूस नसलेल्या दुपारी खारीच्या खोलीच्या झडपेवर खरखर ऐकू येऊ लागली. नख फिरवावे तशी नव्हे. आंधळ्याने दाराची कडी चाचपावी तशी. एके सकाळी सून चादरी काढायला गेली आणि तिने मला हाक मारली. झडपेची एक पट्टी निखळली होती. कोवळ्या सुयांचे हिरवे टोक आत येऊन खारीच्या उशीवर टेकले होते. उशीच्या डाव्या बाजूला.

सुनेची जीभ कोयत्यासारखी आहे. मी तिला ती कधी म्यान करायला सांगितली नाही, कारण घरात एक तरी धारेचे हत्यार असावे. तिने उशी उचलली, सुया झटकल्या आणि म्हणाली, "सासूबाई, हे इथवर आलंय. आता याच्या गळ्यात हात घालायचं तेवढं राहिलं."

त्या दिवशी मी दोघांना बसवून सगळे सांगितले. सुनेला सांगण्याची वेळ होतीच. मुलाला सांगणारी मी या घरातली पहिली. खार ऐकत राहिला. मग त्याने विचारले, "रोज पहाटे 'ऊठ बाई' ऐकू येतं, ते मला वाटायचं मास्तरीणबाई म्हणते. मग ती कुणाला उठवते?"

मास्तरीणबाई म्हणजे त्या वनरक्षकाच्या बायकोची पणती. पलीकडच्या घरात ती एकटी राहते. तो आवाज मीही ऐकत असे, अनेक वर्षे, आणि मीही तसेच समजत असे.

खार म्हणाला, उपाय सरळ आहे. उभ्याचा शेंडा काढायचा आणि आडव्याच्या मूळखोडावर, जिथे ते वळते त्याच्या खाली, पाचर कलम बांधायचे. खालचा खुंट त्या वनरक्षकाच्या बायकोचा, वरचा शेंडाही तिचाच. दोन्ही एकाच झाडाचे, एकमेकांना धरतील. आणि तो शेंडा त्याने स्वतःच काढायचा, कारण तेवढ्या वर जाणारा दुसरा कोणी नाही आणि वर्षभराने तोही नसेल.

मी नाही म्हटले.

यावर कोणी मला नावे ठेवली तर खुशाल ठेवावीत. ते झाड चार पिढ्यांचे नाक आहे. रस्त्याच्या वळणावरून दिसते ते आमचे छप्पर नाही, ते झाड. शिवाय कणा वाकलेला माणूस वाऱ्यात डुलणाऱ्या शेंड्यावर पाठवायचा, हे कोणत्या आईने मान्य करावे? खार हसून म्हणाला, "शेंडी तुटो की पारंबी तुटो, आई, एकदा बघू तरी." मी म्हटले, शेंडी तुझी आहे, म्हणून तुला थट्टा सुचते. सून उठली आणि दाराशी थांबून म्हणाली, "झाडाची मान ताठ राहू द्या. माणसाची वाकली तर वाकली, उशा आहेत घरात."

तीन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही.

चौथ्या दिवशी मास्तरीणबाई आली. ती आमच्या उंबऱ्याच्या आत क्वचित येई. त्यांच्या घरची माणसे आमच्याशी अदबीनेच वागत आली आहेत, आणि त्या अदबीचे ओझे मला नेहमी होई. पदर सावरून ती बाकाच्या कडेला बसली. तिने माफी मागितली. तिला शाळेतून येताना दिसले होते की त्यांचे झाड आमच्या खिडकीत शिरले आहे. ती म्हणाली, "काकू, मी उद्या माणसं बोलावलीत. मुळासकट काढून टाकते. तुम्हाला पिढ्यान् पिढ्या त्रास झाला त्याचा."

मी विचारले, इतकी वर्षे ठेवले आणि आताच का काढता?

"ठेवलं ते पणजीसाठी," ती म्हणाली. "तुमच्या थोरल्यांनी इतक्या मायेनं लावून दिलं, आणि आमच्याच्यानं ते उभं करवलं नाही. एकाच जातीची दोन झाडं. तुमचं बघा आणि आमचं बघा. आमच्या घराच्या हाताला गुण नाही, काकू. पणजी मरताना आजीला म्हणाली होती, पुन्हा काही लावू नका, आपल्या हातचं उठत नाही. आमच्याकडे तेव्हापासून कुंडीसुद्धा नाही."

मी तिच्या हातांकडे पाहिले. खडूने कोरडे पडलेले, नीटनेटके हात, मांडीवर एकावर एक ठेवलेले. तीन बायकांनी असे हात मांडीत ठेवून आयुष्य काढले होते.

निघताना ती दाराशी थांबली आणि थोडी हसून म्हणाली, "एक विचारू? तुमच्याकडे रोज पहाटे कोण कुणाला उठवतं? इतक्या प्रेमानं उठवतात, की मलाही उठावंसं वाटतं."

सुनेच्या हातातले ताट जमिनीवर टेकले. खार माझ्याकडे पाहत होता.

आडवे उद्या उपटले गेले तर खिडकी मोकळी होईल, एवढे खरे. परंतु मग देणे कोणाला द्यायचे? ज्याचा शेंडा घेतला ते झाड गेले. फसवून दिलेले हे उरले होते, आणि तेही उद्या जाणार होते. ऋणको जिवंत आणि धनको नाहीसा, यासारखी दुसरी कैद नाही. हा हिशेब मला त्या क्षणी उमगला आणि मी उठून उभी राहिले.

"बसा," मी तिला म्हटले. "तुमच्या पणजीच्या हाताला गुण होता. खोट आमच्या हातात होती."

मी तिला सर्व सांगितले. शिडी, शेंडा, न लावलेले मेण, नवी कुंडी, बाजूची फांदी. काही वगळले नाही आणि कशावर पांघरूण घातले नाही. घरातल्या मोठ्या माणसाने देणे कबूल करायचे तर ताठ बसून करावे. रडून केले की घेणाऱ्यालाच समजूत घालावी लागते. ती ऐकत होती. मग तिने विचारले ते मला अपेक्षित नव्हते.

"म्हणजे ती रोज उठवायची, आणि त्याला उठताच येत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुमच्या थोरल्यांना हे दिसत होतं. भिंतीवरून."

"रोज दिसत होतं," मी म्हटले.

तिने डोळे पुसले नाहीत, कोरडेच होते. ती म्हणाली, माणसांना उद्या नको म्हणून सांगते. आणि गेली.

झाड झोपेत असताना कलमकाडी घ्यायची असते, थंडी सरत येते तेव्हा, कोंब फुगण्याआधी. त्या दिवसाची वाट पाहण्यात आम्ही जे आठवडे घालवले त्यांत खरखर वाढली. खारीने दुसऱ्या खोलीत झोपावे असे मी सांगितले. तो तिथे झोपला तरी डाव्या कुशीवरच उठे, भिंतीकडे तोंड करून.

चढायच्या दिवशी हवा पडलेली होती. त्याने कंबरेला दोर बांधला, पायांना चढायचे आकडे लावले, वडिलांची सर्वांत बारीक पटाशी आणि कलमाचा चाकू गळ्यात अडकवला. पहिल्या फांद्यांपर्यंत शिडी लागत होती. मी पुढे होण्याआधी मास्तरीणबाईने ती धरली. दोन्ही हात पुढे, चेहरा वर. सुनेने माझा दंड घट्ट पकडला. मागच्या खोलीतली बाहुली आम्ही दोघींनी रोज पाहिली होती.

तो फांद्यांत शिरला आणि दिसेनासा झाला. मग फक्त साल निसटल्याचा आवाज, आणि मधूनच दोर फेकल्याचा. अर्ध्यावर गेल्यावर झाड गुणगुणू लागले. वारा नव्हता. बुंध्याला मी तळहात लावला तर आत एक थरथर होती, कंठातून आवाज निघण्याआधी असते तशी. मास्तरीणबाईने शिडी सोडली नाही. शिडीवर आता कोणी नव्हते, तरी सोडली नाही.

मग तो दिसला, अगदी वर, आभाळाच्या जवळ. खाली उभे राहून मी माझ्या मुलाला पाहिले आणि प्रथम मला तो ओळखूच आला नाही. तो सरळ होता. खोड त्याच्या वजनाने भिंतीकडे कलले होते आणि त्या कललेल्या खोडावर तो ओळंब्यासारखा उभा होता. चाकूचा आवाज खाली येत नाही. हिरवा तुरा त्याच्या हातात दिसला, आणि त्याच क्षणी गुणगुण थांबली. मी इतकी वर्षे ज्या शांततेला शांतता समजत होते ती शांतता नव्हती, हे मला तेव्हा कळले.

त्याने जखमेवर मेण लावले. दोनदा लावले. खाली उतरल्यावर तो पुन्हा वाकलेलाच होता आणि घामाने भिजलेला. शेंडा त्याने ओल्या शेवाळात गुंडाळला होता आणि डोक्यावरच्या टोपीत ठेवला होता. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. हात मोकळे हवेत म्हणून, असे तो म्हणाला.

भिंतीपलीकडे मी त्या दिवशी प्रथम गेले. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे तिकडे बेचक्यांचे टेकू, कुजलेल्या दोऱ्या, मोडक्या काठ्या. कित्येक काठ्या खोडात रुतून त्यांच्यावर साल चढली होती. खारीने मूळखोड वळणाखाली करवतीने कापले. मला वाटले होते आवाज होईल. काहीच झाले नाही. त्याने खाच घेतली, शेंड्याला पाचरीसारखी धार दिली, सालीला साल भिडवली, पट्टी आवळली, मेण लावले. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "शेवटची गाठ तुम्ही मारा."

मास्तरीणबाई मागे सरली. म्हणाली, माझा हात नको.

"तुमचाच हवा," मी म्हटले. ते मी विनंतीच्या सुरात म्हटले नाही.

तिने गाठ मारली. आधाराची काठी रोवायची तर खारीची पहार भुईत शिरेना, खाली मुळेच मुळे. तेव्हा सून घरात गेली आणि बाहुली घेऊन आली. "हात रिकामेच आहेत हिचे," ती म्हणाली. "धरू दे काठी. जन्मभर दुसरं काही केलेलं नाही हिनं." बाहुली दगडांत पक्की बसवली. काठी तिच्या पुढे केलेल्या हातांत अशी बसली, की यजमानांनी माप घेऊनच कोरली असावी.

पहाटेचा आवाज मात्र थांबला नाही. कोंब फुगले, तरी येत होता. नव्या सुया फुटल्या, तरी येत होता. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही तो ऐकत असू. डॉक्टरांनी खारीचा कणा पुन्हा पाहिला. बाक सरळ झालेला नाही, असे त्यांनी सांगितले, वाढलेलाही नाही. चढायला त्यांनी बंदी घातली नाही आणि त्याने परवानगी मागितली नाही. आमच्या झाडाच्या तुटल्या डोक्याशी बाजूच्या दोन फांद्या वर वळल्या आहेत आणि आपसांत भांडत आहेत. रस्त्यावरची माणसे आता 'दोन शिंगांचं घर' म्हणतात. मी ओसरीवर बसून ऐकते. म्हणोत.

पुढल्या वर्षी, ऊन तापण्याआधी, मास्तरीणबाईने भिंतीवरून हाक मारली. कलमाने वीतभर नवा कोंब टाकला होता. ती म्हणाली, काठी आणि दोरी आज सोडायची आहे, आणि सोडताना मी तिथे असावे. मी गेले. खार आला, सून आली. आवारात कडेला ओळीने नव्या कुंड्या होत्या; त्यांत काय लावले आहे ते मी विचारले नाही.

तिने गाठ सोडली. दोरी गळून पडली. मग तिने बाहुलीच्या हातांतून काठी हळूच ओढून घेतली. आम्ही चौघेही त्या कोंबाकडे पाहत राहिलो. वारा आला, कोंब कलला, वारा गेला, आणि तो परत सरळ झाला. बाहुलीचा चेहरा काठी रोवली तेव्हा आमच्या अंगणाकडे होता. आता तो कोंबाकडे होता.

"फिटलं, काकू," मास्तरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे जागी झाले आणि वाट पाहत पडून राहिले. उजाडले, कौलांवर ऊन आले, सुनेने चूल पेटवली. त्या सकाळी कोणी कोणाला उठवले नाही.